सव्वाआठ फुटांची वाट

अणदूरच्या खंडोबाची देवळं दोन, मूर्ती एक. सव्वादहा महिने देव अणदुरात असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा मैलारपुरात भरते, भंडाऱ्यानं माणसं ओळखू येत नाहीत अशी. देव न्यायचा आणि परत आणायचा म्हणून दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. मग मूर्ती वाजतगाजत निघते आणि एका गावचा देव दुसऱ्या गावचा होतो. लहानपणी मला यात नवल असं काही वाटलंच नाही. माणसं शेताला चालत जायची, बाजारला चालत जायची, लेकीच्या गावाला चालत जायची. देवही चालत जात होता.

नवल आता वाटतं. पंचक्रोशीतलं बाकीचं चालणं एकेक करून थांबलं. शेताला मोटारसायकल जाते, बाजारला काळीपिवळी. देवाचं जाणं-येणं तेवढं राहिलं, आणि तेही करार करून. दोन गावांमधली वाट बुजू द्यायची नसेल तर देवालाच चालायला लावावं, असं कुणी बसून ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. पण झालं तसंच.

या पुस्तकात अणदूरच्या आसपासच्या अकरा वाटा आहेत. काही तासाभराच्या, काही पूर्ण दिवस खाणाऱ्या. किल्ले आणि देवळं त्यांत येतात, पण पुस्तक किल्ल्या-देवळांचं नाही. किल्ल्याला वारसा म्हणायला आपण शिकलो, त्याच्या दाराशी पुरातत्त्व खात्याची निळी पाटीही लागली. किल्ल्याकडं जी पाऊलवाट जाते ती मात्र कुणाच्याच यादीत नाही. ती त्या किल्ल्याहून जुनी असू शकते, आणि एका नांगरटीत नाहीशी होऊ शकते.

सुरुवात झाली ती गावनकाशानं. निवृत्तीनंतर घरातल्या वाटणीच्या कामासाठी गावाच्या नकाशाची प्रत काढावी लागली. काम उरकलं, पण नकाशा काही माझ्या टेबलावरून हलेना. गट नंबरांच्या जाळ्यातून तुटक रेषा गेलेल्या होत्या. दुबार तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. हा आकडा मला विचित्र वाटला, तेव्हा मोजणीच्या कामात उभा जन्म घालवलेल्या एका जाणत्या माणसानं तो उलगडून सांगितला. मोजणीची साखळी 33 फुटांची आणि तिचे आणे सोळा. 33 फूट लांब, 33 फूट रुंद तो गुंठा. सव्वाआठ फूट म्हणजे चार आणे साखळी. पायी चालणाऱ्याच्या नावानं कागदावर चार आणे राखून ठेवलेले होते. डोक्यावर भारा घेतलेली बाई आणि समोरून येणारी बैलजोडी एकमेकांना न लागता पार होतील, एवढी ती जागा.

बोट ठेवून एकेक रेषा वाचायला लागलो. ही वाट आमच्या आजीच्या माहेराकडची. ही फुलवाडीकडं जाते. ही ओढ्यापर्यंत येऊन थांबते, कारण पलीकडं दुसऱ्या गावची शीव सुरू होते आणि नकाशा आपल्या गावापुरताच. प्रत्येक गावाचा नकाशा असा शिवेवर तुटतो, पण चालणारा तुटत नाही. म्हणून शेजारच्या गावांचेही नकाशे मिळवले, कडेला कडा जुळवून पाहिल्या, आणि पायात चपला घालून निघालो.

कितीतरी वाटा जागेवर नव्हत्या. एका ठिकाणी बाभळीच्या फेसाट्या आडव्या टाकून वाट बंद केलेली. मी तिथंच घुटमळत होतो, तेवढ्यात मागून मेंढरं घेऊन एक धनगर मामा आले.

“कुटं निघालाव गुर्जी?”

“फुलवाडीला. हितनं वाट हाय ना?”

“व्हती,” ते म्हणाले. मग काठीचं टोक फेसाटीच्या बुडात घालून त्यांनी ती उचलली, अलगद बाजूला धरली, आधी मला जाऊ दिलं, मग मेंढरं जाऊ दिली. शेवटचं कोकरू पार झाल्यावर फेसाटी पुन्हा जागच्या जागी लावली. काटे पिकाच्या बाजूला राहतील अशी फिरवूनसुद्धा घेतली. शेतकऱ्याचं पीक राखलं गेलं, मामांची वाटही राहिली. भांडण नाही, अर्ज नाही. मी ते दृश्य कितीदा आठवलं असेल.

सगळीकडं हे इतक्या सामोपचारानं होत नाही, हे शेती असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वाटेवरून भाऊभाऊ कोर्टात गेलेत. कायदा आपल्याकडं नाही असं नाही. बांधावरून शेताला वाट मिळावी म्हणून 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात 143 वं कलम आहे. वाहती वाट कुणी अडवली तर ती मोकळी करून द्यायचा अधिकार 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमानं तहसीलदाराला दिलेला आहे. पण या दोन्ही कायद्यांपुढं उभा असतो तो शेतकरी, बैलगाडी आणि ट्रॅक्टर घेऊन. नुसतं चालायला, पाहायला, पाय मोकळे करायला निघालेला माणूस आपल्या कायद्याच्या डोळ्यासमोर फारसा आलेला दिसत नाही.

तो माणूस कायद्याच्या मधोमध उभा असलेला मी पाहिला इंग्लंडात. पुतणी नोकरीनिमित्त तिकडं असते, तिच्याकडं काही आठवडे राहिलो. डर्बीशरमधल्या एका खेड्याबाहेर तिनं मला गव्हाच्या शेताच्या कडेला नेऊन उभं केलं. ओंब्या कमरेला लागतील एवढं उभं पीक, आणि त्याच्या मधून सरळ रेघ मारावी तशी पाऊलवाट. शेजारी लाकडी खांब, त्यावर पिवळा बाण. पिवळा म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडेस्वारांनाही मुभा. कुंपण आलं की दोन पायऱ्यांची लाकडी चढण, माणूस ओलांडेल पण मेंढी नाही अशी. मी पिकात पाय टाकायला कचरत होतो. आपल्याकडं उभ्या पिकातून चालणं म्हणजे पाप. पुतणी म्हणाली, “काका, चला, हा रस्ताच आहे.”

नंतर वाचलं तेव्हा कळलं, ते तसं आपोआप झालेलं नाही. तिथल्या डोंगरपठारांवर जमीनदारांनी आपल्या शिकारीसाठी लोकांना येऊ देणं बंद केलं होतं. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरकडचे शेकडो कामगार किंडर स्काउट नावाच्या पठारावर मुद्दाम, सामुदायिकपणे चढून गेले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन विशीचा पोरगा होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढं 1949 साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि खुल्या निसर्गात जाण्याच्या हक्काचा कायदा झाला, आणि त्यानं प्रत्येक परगण्याला आपल्या हद्दीतल्या पायवाटांचा पक्का नकाशा करायला लावलं. लोक एखाद्या वाटेनं वीस वर्षं बिनअडथळा, हक्कानं चालत आले असतील तर ती सार्वजनिक ठरू शकते. शेतकऱ्यानं पेरणीसाठी वाट नांगरली तर चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, आणि शेताच्या मधून जाणारी असेल तर निदान एक मीटर रुंद. एक मीटर! आमच्या गावनकाशावर तर सव्वाआठ फूट आहेत, अडीच मीटर.

त्याच देशात आल्फ्रेड वेनराइट नावाचा नगरपालिकेचा हिशेबनीस होऊन गेला. लेक डिस्ट्रिक्टमधले 214 डोंगर त्यानं चालून काढले आणि 1955 ते 1966 या काळात त्यांची सात पुस्तकं केली. चित्रं, नकाशे, मजकूर, सगळं स्वतःच्या हातानं लिहिलेलं, अक्षर छापल्यासारखं. चालायचं सुट्टीच्या दिवशी, लिहायचं रात्री. मी त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण हिशेबाच्या वह्या लिहिणारा माणूस हे काम करू शकला, ही गोष्ट मला फार धीर देऊन गेली.

परत आल्यावर काहींनी विचारलं, तिकडं हिरवळ आहे, तळी आहेत, ढग खाली उतरतात. तुमच्या अणदुरात बघायला काय आहे? माळ. हेच उत्तर आहे आणि ते मला कमीपणाचं वाटत नाही. आपल्या शाळेच्या पुस्तकांनी निसर्गरम्य म्हटलं की डोंगरदऱ्या आणि नारळीपोफळी दाखवल्या, त्यामुळं मराठवाड्याच्या मुलाला आपल्या गावाचं वर्णन करताना शब्दच सापडत नाहीत. माळाकडं बघायला वेळ लागतो. आषाढात तो काळा-तांबडा असतो, भाद्रपदात गवत गुडघ्याला लागतं, मार्गशीर्षात सगळा पिवळाधमक होतो आणि वाऱ्यानं एका अंगाला निजतो. तरवडाची पिवळी फुलं तेव्हा बांधाबांधावर असतात. चंडोल गात गात सरळ वर चढतो, दिसेनासा होतो आणि आवाज तेवढा वरून येत राहतो. फाल्गुनात पळस पेटतो. याच माळावर एके काळी माळढोक असायचा. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये अभयारण्य करावं लागलं, आणि तिथंही तो आता दृष्टीला पडणं दुर्मिळ झालं. माळ म्हणजे पडीक, माळ म्हणजे रिकामी जागा, असं म्हणत म्हणत आपण त्याला गमावलं.

नळदुर्गाच्या वाटेला या पुस्तकात सगळ्यांत जास्त पानं दिली आहेत. किल्ला गाडीनंही गाठता येतो, महामार्गाला लागूनच आहे. पण पायी गेलं की बोरी नदी कळते, आणि बोरी कळल्याशिवाय किल्ला कळत नाही. नदीनं काळ्या खडकात घातलेल्या वळणाचा फायदा घेऊन तो बांधलाय. तटाला 114 बुरूज मोजतात. त्यातला नवबुरूज नऊ पाकळ्यांचा, आणि सगळ्यांत उंच तो उपळी बुरूज; त्याच्या माथ्यावर हत्ती तोफ आणि मगर तोफ अजून पडून आहेत. मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ यांच्या मधे नदी अडवून धरण घातलेलं आहे आणि धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या राजवटीत, 1613 च्या सुमारास, मीर इमादीन नावाच्या स्थापत्यकारानं हे काम केलं. चांगल्या पावसाच्या वर्षी धरणावरून नर आणि मादी नावाचे दोन धबधबे कोसळतात. भिंतीच्या आत अरुंद पायऱ्या उतरून सज्जात उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा, कानात त्याचा घोष, भिंतीला तळवा लावला तर आतून थरथर जाणवते, आणि अंगावर थेंब नाही. दगडाच्या सांध्यांत बोट फिरवून पाहा. चारशे वर्षं त्या सांध्यांनी नदी झेललीय.

या किल्ल्यात एक चालणारा आणि लिहिणारा इंग्रजही राहून गेला. फिलिप मेडोज टेलर, 1808 साली लिव्हरपूलमध्ये जन्मलेला. पोरवयात मुंबईला आला आणि निजामाच्या चाकरीत वाढला. ठगांवरची त्याची कादंबरी 1839 मध्ये निघाली आणि विलायतेत गाजली. 1853 च्या तहानं निजामानं काही मुलूख कंपनीच्या ताब्यात दिला, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलरकडं आला आणि 1857 पर्यंत तो इथं होता. तो सत्तेचा माणूस होता, हे विसरायचं कारण नाही. पण त्याच्या आत्मचरित्रात नळदुर्गाचा प्रदेश एखाद्या मोठ्या निसर्गचित्रासारखा येतो, आणि आपल्या शाळांत त्याचं नावही कुणी घेत नाही, याची मला हळहळ वाटते.

खंडोबाच्या वाटेवर दोन भाषा ऐकू येतात. मैलारपूर हे नावच सांगतं की देव कानडी मुलखातला मैलार आहे. ‘येळकोट’मधलं येळ म्हणजे कानडी ‘येळु’, सात. सात कोटींचा हा गजर करताना आपण कानडी बोलतोय, हे कुणाच्या ध्यानातही नसतं. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बानू धनगराची. रा. चिं. ढेऱ्यांनी 1961 मध्ये ‘खंडोबा’ लिहून आणि पुढं गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं धनगरांच्या वाड्यावस्त्यांवर फिरून, हा देव वाटांचा आणि मेंढरांचा कसा आहे ते दाखवून दिलं. या वाटांवर चालणाऱ्यानं ती पुस्तकं जरूर वाचावीत. आधी चालावं, मग वाचावं, असं माझं मत.

एक दिवस असा येतो की अख्खं गाव वाटेवर असतं: वेळ अमावस्या, आमची येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या. धाराशिव, लातूर, सोलापूर आणि लागूनच्या कर्नाटकाबाहेर तिचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. सकाळी घराघरातून बायका निघतात. डोक्यावर टोपली, तीत बाजरीचे उंडे, भज्जी आणि भात. एकाच्या डोक्यावर आंबिलीची बिंदगी, चुन्यानं रंगवलेली, तोंडाला कापड बांधलेलं. रात्रभर मुरलेल्या आंबिलीचा आंबूस, लसणाचा वास तिच्या मागोमाग चालतो. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव. पूजा झाली की आंबील शिंपडत पिकाला फेरी. मग आल्यागेल्याला हाका. ओळखीचा असो, नसो, वाटसरूला जेवल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. भज्जीत किती जिन्नस असतात ते मोजायच्या भानगडीत पडू नका. तुरीचे आणि वाटाण्याचे ओले दाणे, हरभऱ्याची भाजी, चिंचेचा कोळ, बेसन, आणि प्रत्येक घरचं आपलं आणखी काहीतरी. त्या दिवशी गाव ओस असतं आणि शिवार भरलेलं. बुजलेली वाटसुद्धा त्या दिवशी उघडते, कारण आजोबा ज्या बांधावरून जायचे त्याच बांधावरून नातू टोपली घेऊन जातो. माझ्या अकरापैकी तीन वाटा मला येळवशीलाच सापडल्या. पुढं चाललेल्या बायकांच्या मागं मी चालत गेलो, एवढंच.

नवरात्रात आणि कोजागिरीला तुळजापूरकडं पायी जाणारे जथे तुम्हाला माहीत आहेतच, त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. म्हणून त्या वाटेची नोंद मी थोडक्यात केलीय.

दोन वाटा वेगळ्या आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला आणि दगडमातीची, माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. हजारो माणसं गेली. गावं उठून दुसरीकडं वसली. लोहाऱ्याच्या बाजूला चालत गेलात तर जुनी गावठाणं लागतात: बाभळी माजलेल्या, मधूनच एखादी चौकट उभी, एखादा हौद. नव्या वसाहतीतून जुन्या गावातल्या देवळाकडं गेलेली बारीक पायवाट तिथं दिसेल. त्या वाटेनं फोटो काढत जाऊ नये.

दुसरी वाट कुठल्याही नकाशावर नाही. अणदुरात हॅलो मेडिकल फाउंडेशन आहे. तिथं डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्याच बायांना शिकवून ‘भारतवैद्य’ तयार केल्या. जिथं डॉक्टर नव्हता तिथं खांद्याला पिशवी अडकवून या बाया घरोघर, वस्तीवर वस्ती जायच्या. कोणत्या ओढ्याला कधी पाणी येतं, कोणती वाट रात्री धोक्याची, कोणत्या बांधावर कुत्रं सुटतं, हे त्यांच्याइतकं नेमकं मला आणखी कुणी सांगितलं नाही. पाचवी वाट जवळजवळ पूर्णपणे अशा एका बाईंनी सांगितलेली आहे. त्यांनी नाव छापू नका म्हटलं, म्हणून छापलं नाही.

थोडं व्यवहाराचं. दसरा झाल्यावर निघावं आणि होळीच्या आत थांबावं. चैत्रानंतर माळावर सावली म्हणून मिळत नाही. पावसाळ्यात काळी जमीन चपलेला धरून ठेवते, दोन पावलांत पाय शेरभर जड होतो. पाणी जवळचं न्या. ज्वारी हुरड्यात आली की शेतकरी हाक मारेल. थांबा, पण आपण होऊन कणीस तोडू नका. विहिरीवर बायका असतील तर लांबूनच आवाज द्या. वाट विचारायची तर “मामा” नाहीतर “मावशी” म्हणून विचारा. गट नंबर सांगू नका, नुसत्या गट नंबरानं माणसं घाबरतात. मोजणीवाला आला असं वाटतं. चिंचेचं झाड, पडकी मोट, म्हसोबा, अशा खुणा सांगा. पुस्तकातले नकाशे मी अशाच खुणांवर बेतलेत, आणि अंतरं पावलांत दिलीत, माझ्या पावलांत. तुमची पावलं लांब असतील तर तेवढा हिशेब तुम्ही करा.

पहिली वाट देवाचीच घेतलीय, अणदूरच्या देवळापासून मैलारपूरपर्यंत. तिथून पुढं नळदुर्ग. फुलवाडीची वाट सातवी. तिच्यावर अजून फेसाटी आडवी आहे. काठीनं बुडातून उचला, पार झालात की होती तशी परत लावा, काटे पिकाच्या बाजूला.